वाचक विचारतात: फॉर्म्युले पाठ आहेत, पण प्रॉब्लेम सुटत नाही

या वेळचे सगळे प्रश्न एकाच विषयावरचे आहेत. कॉलेज-विद्यापीठातल्या मुलामुलींनी एक्सेल, वर्ड वगैरे वापरून खरेखुरे प्रॉब्लेम सोडवायला कसं शिकायचं आणि आपण ते कसं शिकवायचं. शिकवणाऱ्यांनीही लिहिलंय, शिकणाऱ्यांनीही. मी स्वतः हाच विषय शिकवते आणि तो मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : मॅडम, मी पदवीच्या पहिल्या वर्षाला ऑफिस सॉफ्टवेअरचा पेपर शिकवतो. सिलॅबस पूर्ण होतो, जर्नल पूर्ण होतं, प्रॅक्टिकलला सगळ्यांना सम, ॲव्हरेज, इफ, चार्ट सगळं जमतं. पण परवा मी मार्कांची एक साधी फाइल दिली आणि म्हटलं यातून काय निघतं ते सांगा, तर अख्खी बॅच माझ्याकडे बघत बसली. नक्की काय कमी पडतंय?

सर, मुलांना टूल येतंय पण प्रॉब्लेम त्यांच्यासमोर कधी आलेलाच नाहीये. आपल्या जर्नलमधले प्रयोग काढून बघा, 'सी कॉलममध्ये सम फंक्शन वापरून बेरीज करा' असं लिहिलेलं असतं. म्हणजे कुठला कॉलम, कुठलं फंक्शन, उत्तर कुठे लिहायचं, विचार करायचा सगळा भाग आपणच आधी करून टाकलेला असतो, मुलांनी फक्त टाइप करायचं. असे वीस प्रयोग केले तरी विसाव्यालाही डोकं लावायची वेळ येत नाही, आणि मग एक दिवस आपण एकदम कोरी फाइल पुढ्यात टाकतो आणि म्हणतो सांगा काय निघतं.

'काय निघतं' हा प्रश्नही नवख्या मुलांना फार मोकळा पडतो. त्याऐवजी असं विचारून बघा: 'या दोन तुकड्यांपैकी गणितात जास्त मदत कुणाला लागेल, आणि हे विभागप्रमुखांना एका पानात कसं दाखवाल?' आता प्रश्न ठरलेला आहे पण वाट ठरलेली नाही. फाइल देताना ती मुद्दाम थोडी अस्वच्छ द्या, कारण बाहेर मिळणाऱ्या फाइली तशाच असतात. मी एक गोष्ट नेहमी करते, गैरहजर मुलं तीन वेगवेगळ्या पद्धतीने भरते, काही ठिकाणी सेल रिकामा, काही ठिकाणी 'गैरहजर' असा शब्द आणि काही ठिकाणी शून्य.

यातून काय होतं ते बघा. समजा पाच मुलं आहेत, चौघांचे मार्क ६०, ७०, ८० आणि ५०, पाचवा गैरहजर. त्याचा सेल रिकामा ठेवला किंवा त्यात शब्द लिहिला तर ॲव्हरेज फंक्शन त्याला मोजतच नाही, चौघांचीच सरासरी काढतं आणि ६५ सांगतं. तिथे शून्य भरलं तर पाच जणांनी भागतं आणि उत्तर येतं ५२. तेरा मार्कांचा फरक पडला आणि फॉर्म्युला दोन्ही वेळेला तोच होता! मग मुलं विचारतात, मॅडम बरोबर उत्तर कुठलं? तर ते एक्सेल सांगू शकत नाही, ते प्रश्नावर अवलंबून आहे. परीक्षा दिलेल्यांना किती येतं हे बघायचं असेल तर ६५, गैरहजेरीचे शून्य मार्क धरायचे असा नियम असेल तर ५२. हा निर्णय मुलांनी घ्यायचा, लिहून ठेवायचा आणि का घेतला ते सांगायचं. माझ्या मते अख्ख्या पेपरमधलं सगळ्यात मोलाचं शिक्षण या एका भांडणात होतं, वर्गात मुलं खरंच भांडतात यावर आणि भांडू द्यावं.

दुसरं म्हणजे कीबोर्डला हात लावायच्या आधी दहा मिनिटं कागद-पेन. काय विचारलंय, आपल्याकडे काय आहे, काय नाहीये, उत्तर कसं दिसेल, म्हणजे एक आकडा येईल की यादी की चार्ट, आकडा असेल तर साधारण किती ते किती असावा, आणि बरोबर आलंय हे कशावरून कळेल. सुरुवातीला मुलं कंटाळतात, 'डायरेक्ट करू ना मॅडम' म्हणतात, पण अंदाज लिहिलेला असला की सरासरी ६५० आली तर ती लगेच खटकते. नाहीतर स्क्रीनवर आलंय म्हणजे बरोबरच असणार असं धरून मुलं पुढे जातात.

आणि एक सावधगिरी. हे वाचून लगेच सगळे प्रयोग रद्द करून मुलांना खोल पाण्यात ढकलू नका. शिकण्याच्या मानसशास्त्राचे अभ्यासक जॉन स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं १९८०च्या दशकातलं काम या बाबतीत फार उपयोगी आहे. नवखा विद्यार्थी एकट्याने धडपडण्यापेक्षा आधी नीट सोडवलेली उदाहरणं अभ्यासून जास्त शिकतो, कारण धडपडीतच त्याची सगळी विचारशक्ती खर्च होते. त्यामुळे पहिला प्रॉब्लेम तुम्ही सगळ्यांसमोर सोडवा, पण मोठ्याने विचार करत, 'इथे मला शंका येतेय, हा सेल रिकामा का आहे' असं बोलत बोलत. दुसरा अर्धा सोडवून द्या, तिसरा त्यांचा त्यांना. आणि हात बसला की सोडवलेली उदाहरणं थांबवा, कारण ज्यांना येतंय त्यांना तीच नंतर अडचणीची ठरतात, हेही याच संशोधनाच्या नंतरच्या टप्प्यात पुढे आलंय.

प्रश्न : मी कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला व्हीलुकअप, काउंटइफ, पिव्होट टेबल सगळं वेगवेगळं येतं. पण प्रश्न आला की यातलं कुठलं वापरायचं तेच सुचत नाही, माझ्या मित्राला लगेच सुचतं. सराव कसा करू?

फंक्शनचं नाव आठवायच्या आधी प्रॉब्लेम मराठीत लिही. एका वाक्यात मावला नाही तर तीन-चार वाक्यांत लिही, आणि प्रत्येक वाक्यातलं क्रियापद बघ.

उदाहरण घेऊ. लायब्ररीच्या दोन शीट आहेत. एकीत कुठल्या रोल नंबरने कुठलं पुस्तक नेलं, परत करायची शेवटची तारीख कुठली आणि प्रत्यक्ष कधी परत केलं. दुसरीत रोल नंबर, नाव आणि विभाग. विचारलंय की पुस्तकं उशिरा परत करण्याचं प्रमाण कुठल्या विभागात जास्त आहे. आता हे एकदम बघितलं तर काहीच सुचणार नाही. पण लिहून काढ: 'इकडचा रोल नंबर तिकडे शोध आणि विभाग घेऊन ये', हे झालं लुकअप. 'परत केल्याची तारीख शेवटच्या तारखेनंतरची असेल तर उशीर', हे झालं इफ. 'प्रत्येक विभागासाठी उशीर मोज', हे काउंटइफ्स किंवा पिव्होट (म्हणजे गटागटाने मोजून देणारं टेबल). बस, तीन वाक्यं, तीन कॉलम किंवा दोन कॉलम आणि एक पिव्होट. तुझ्या मित्राला सुचतं म्हणजे तो हे तुकडे मनातल्या मनात पाडतो, तू काही दिवस कागदावर पाड.

आता याच उदाहरणातल्या दोन खाचाखोचा बघ, कारण खरी गंमत तिथे आहे. एक, ज्याने पुस्तक अजून परतच केलेलं नाही त्याचा तारखेचा सेल रिकामा असणार. रिकाम्या सेलची तुलना तारखेशी केली की एक्सेल त्याला शून्य धरतं, आणि शून्य कुठल्याही तारखेपेक्षा लहानच असतं, कारण एक्सेलच्या दृष्टीने तारीख म्हणजे एक आकडाच आहे, १ जानेवारी १९०० ला १ आणि तिथून पुढे मोजत जातं, १५ मार्च २०२३ म्हणजे ४५०००. म्हणजे तुझ्या फॉर्म्युल्यात जे सगळ्यात मोठे थकबाकीदार तेच 'वेळेवर' म्हणून मोजले जातील! आधी सेल रिकामा आहे का ते तपासायला हवं आणि मग परत न केलेल्या पुस्तकाची शेवटची तारीख आजच्या आधीची आहे का ते बघायला हवं. दोन, ज्या विभागात मुलं जास्त त्यांची उशिराची संख्याही जास्तच येणार, त्यामुळे नुसती संख्या देऊ नकोस, विभागाने एकूण किती पुस्तकं नेली त्याने भाग. प्रश्नात 'प्रमाण' हा शब्द होता, तो वाचताना सुटतो.

एकच लांबलचक फॉर्म्युला लिहायचा मोह टाळ. मधले कॉलम काढायला अजिबात लाजू नकोस, प्रत्येक पायरी डोळ्यांना दिसते आणि चूक कुठे आहे ते सापडतं. आणि व्हीलुकअपमध्ये शेवटचा भाग फॉल्स लिहायला विसरू नकोस. तो सोडला तर ते जवळपासचं उत्तर शोधतं आणि यादी क्रमाने लावलेली नसेल तर बिनबोभाट चुकीचा विभाग आणून देतं, एररही येत नाही. एक्सलुकअप असेल तर ते वापर, त्यात अचूक जुळणी आपोआप धरलेली असते. एन/ए एरर आली आणि रोल नंबर तर समोर दिसतोय, असं झालं तर एका शीटमध्ये तो आकडा म्हणून आहे आणि दुसऱ्या शीटमध्ये मजकूर म्हणून, किंवा शेवटी एखादी स्पेस चिकटलीये, हे आधी तपास.

सराव म्हणशील तर फंक्शनच्या नावाने सराव करू नकोस. सहा ओळींची छोटी फाइल घे, उत्तर हाताने काढ, मग एक्सेलमध्ये तेच उत्तर येईपर्यंत कर. सहा ओळींत जमलं की सहा हजारांत जमतंच.

प्रश्न : आमच्याकडे सगळ्या मशीनवर एक्सेल नाही. लिब्रेऑफिस किंवा गूगल शीट्सवर शिकवलं तर मुलांचं नुकसान होईल का?

नाही होणार. बटणांच्या जागा वेगळ्या आहेत, पण लुकअप, इफ, पिव्होट, डॉलर लावून सेल पक्का करणं सगळीकडे सारखंच चालतं. १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क आलं तेव्हापासून स्प्रेडशीटची मूळ कल्पना तीच आहे, ओळी, कॉलम आणि एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेलं सगळं बदलणं. एक्सेल त्यानंतर १९८५ मध्ये आलं. उलट मी तर सुचवेन की वर्षातून एखादा प्रॉब्लेम दोन वेगळ्या सॉफ्टवेअरवर करून घ्या, मुलांची बटणांवरची भिस्त सुटते.

प्रश्न : मी पीएचडी करतेय. माझा सगळा डेटा एक्सेलमध्ये आहे. गाइड म्हणतात 'एकदा सगळं चेक करून घे', पण चेक म्हणजे नेमकं काय करायचं हे कुणीच शिकवलेलं नाही. फॉर्म्युला एरर देत नाही म्हणजे बरोबर आहे असंच मी धरत आलेय.

तुमचं खरं आहे, हे कुणी शिकवत नाही आणि शिकवायलाच हवं. एरर आली तर उलट बरं असतं, निदान कळतं तरी. सगळ्यात वाईट चुका गप्प बसलेल्या असतात.

तुम्ही संशोधन करताय म्हणून एक प्रसंग सविस्तर सांगते. २०१० मध्ये कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांचा एक पेपर आला, देशाचं कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांच्या वर गेलं की आर्थिक वाढ एकदम खाली येते असा त्याचा साधारण अर्थ होता. सरकारी खर्च कमी करावा म्हणणाऱ्यांनी अनेक देशांत त्याचा आधार घेतला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला कोर्सचा भाग म्हणून एखाद्या प्रसिद्ध पेपरचे आकडे परत काढून बघायचे होते, त्याने हा पेपर घेतला आणि ते काही केल्या जुळेनात. शेवटी लेखकांनीच त्याला आपली मूळ शीट पाठवली. त्यात सरासरीचा फॉर्म्युला ओळ ३० ते ४४ एवढाच घेत होता, जायला हवा होता ४९ पर्यंत. पाच देश बाहेर राहिले होते, ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क. २०१३ मध्ये हर्नडन आणि त्याच्या प्राध्यापकांनी हे जाहीर केलं.

पण इथे थांबू नका, कारण हा किस्सा सांगताना बहुतेक जण इथेच थांबतात. ओळींच्या त्या चुकीचा परिणाम तसा छोटा होता. मोठा फरक पडला तो काही वर्षांचा डेटा वगळल्यामुळे आणि सरासरी ज्या पद्धतीने काढली त्यामुळे. आधी प्रत्येक देशाची सरासरी काढली आणि मग त्या सरासरींची सरासरी. ब्रिटनची अशा जास्त कर्जाची १९ वर्षं होती आणि न्यूझीलंडचं एकच, आणि दोघांना सारखंच वजन मिळालं. हे सगळं धरून ९० टक्क्यांच्या वरच्या गटाची सरासरी वाढ पेपरमध्ये उणे ०.१ होती ती २.२ टक्के निघाली. सारखं वजन देणं चूक की बरोबर यावर त्या लेखकांनी आपली बाजू मांडली आहे, पण मुद्दा असा की हा निर्णय फॉर्म्युल्याच्या आत दडलेला होता.

हाच प्रकार वर्गातल्या आकड्यांत बघा. एका तुकडीत २० मुलं, सरासरी ८०, दुसरीत ६० मुलं, सरासरी ६०. दोन सरासरींची सरासरी ७०, पण सगळ्या ८० मुलांची खरी सरासरी ६५.

तर चेक करायचं म्हणजे काय. डेटा आणल्यावर पहिल्यांदा ओळी मोजा, मूळ ठिकाणी जेवढ्या होत्या तेवढ्याच इथे आहेत ना. हे फार क्षुल्लक वाटतं, पण २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडचे जवळजवळ १६,००० रुग्ण काही दिवस आकडेवारीत आलेच नाहीत, कारण मधल्या एका टप्प्यावर जुनी एक्सएलएस फाइल वापरली होती आणि तिच्यात ६५,५३६ च्या पुढच्या ओळी मावत नाहीत. (नव्या फाइलमध्ये १०,४८,५७६ मावतात.) मग प्रत्येक कॉलममधलं सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठं मूल्य बघा, वय २१२ किंवा तारीख १९०० सालची असली चूक तिथेच पकडली जाते. महत्त्वाच्या प्रत्येक फॉर्म्युल्यावर जाऊन एफ टू दाबा, तो कुठले सेल घेतोय त्यांच्याभोवती रंगीत चौकट येते, ती शेवटच्या ओळीपर्यंत पोचतेय का ते डोळ्यांनी बघा. एकूण बेरीज दोन वाटांनी काढा, एकदा उभी आणि एकदा आडवी किंवा एकदा फॉर्म्युल्याने आणि एकदा पिव्होटने, आणि दोन्ही सेल शेजारी ठेवा. एखादा आकडा मुद्दाम दसपट करून बघा, जे बदलायला हवं ते बदललं का आणि जे बदलायला नको ते बदललं तर नाही ना, मग परत पूर्ववत करा. आणि मूळ डेटाच्या शीटला कधीही हात लावू नका, तिची कॉपी करून कॉपीवर काम करा.

तुमचा विषय जीवशास्त्राच्या जवळचा असेल तर आणखी एक. एक्सेल काही जनुकांच्या नावांची तारीख करून टाकतं. 'मार्च१' टाइप केलं की १ मार्च झालाच. २०१६ मध्ये एका तपासणीत असं दिसलं की ज्या पेपरना जनुकांच्या याद्यांची एक्सेल फाइल जोडलेली होती त्यातल्या साधारण पाचव्या हिश्श्यात असल्या चुका होत्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने नावंच बदलली, मार्च१ चं मार्चएफ१ आणि सेप्ट१ चं सेप्टिन१ झालं. विषय दुसरा असला तरी असंच काही तुमच्याकडेही होऊ शकतं, सुरुवातीचे शून्य गळतात, १५ पेक्षा जास्त अंकी आकड्याचे शेवटचे अंक शून्य होतात. असे कोड आणि क्रमांक टाइप करायच्या आधीच तो कॉलम मजकूर म्हणून ठरवून घ्यायचा.

प्रश्न : माझ्या वर्गात निम्म्या मुलांनी शाळेपासून लॅपटॉप वापरलाय आणि निम्म्यांनी फक्त मोबाइल. एकांना कंटाळा येतो, दुसरे घाबरून मागे बसतात. एकत्र कसं शिकवू?

जोड्या लावा, पण येणाऱ्याच्या हातात माउस देऊ नका. ज्याला कमी सवय आहे तो कीबोर्डवर बसेल आणि दुसरा फक्त तोंडाने सांगेल, बोट सुद्धा स्क्रीनला लावायचं नाही. सांगणाऱ्याला आपल्या मनातली पायरी शब्दांत मांडावी लागते, ते वाटतं तितकं सोपं नसतं, त्याचाही कंटाळा पळतो. पुढच्या प्रॉब्लेमला बाजू बदला. मोबाइलवाल्या मुलांना बहुतेक वेळा फाइल कुठे सेव्ह झाली, डाउनलोड कुठे गेलं, दोन फाइली एकदम कशा उघडायच्या इथेच अडायला होतं आणि आपण समजतो की त्यांना एक्सेल जमत नाही. पहिले एक-दोन तास नुसते फाइल, फोल्डर, नाव देणं, कॉपी ठेवणं यावर घालवा, वाया जात नाहीत. मागे बसणाऱ्यांपैकी बरेच जण हिशोबात पक्के असतात, कागदावरच्या पहिल्या दहा मिनिटांत ते पुढे येतात, हे मी वारंवार बघितलंय आणि मला त्याचा फार आनंद होतो.

ज्यांचं लवकर होतं त्यांना आणखी एक प्रॉब्लेम देऊ नका, त्यांना सांगा की ही फाइल अशी बिघडव की शेजारच्या जोडीला चूक शोधायला दहा मिनिटं तरी लागतील.

प्रश्न : आता चॅटजीपीटी किंवा कोपायलटला मराठीत सांगितलं तरी फॉर्म्युला लिहून मिळतो. मग हे सगळं शिकवायचं कशाला, असं मुलं विचारतात आणि मला नीट उत्तर देता येत नाही.

मुलांना हा प्रश्न विचारू द्या, तो रास्त आहे. मी वर्गात एक उदाहरण देते ते तुम्हीही देऊन बघा. पासिंग ४० ला आहे. एका मुलीचे सरासरी मार्क ३९.६. सेलमध्ये दशांश दाखवायचे नाहीत असं फॉरमॅट लावलंय त्यामुळे स्क्रीनवर स्वच्छ ४० दिसतात. आणि शेजारच्या कॉलममध्ये इफचा फॉर्म्युला लिहितो 'नापास'. चाळीस दिसतायत आणि नापास! फॉरमॅटने फक्त दिसणं बदलतं, आतला आकडा ३९.६ च असतो आणि इफ आतला आकडा बघतो. मशीनला विचाराल तर ते कदाचित राउंड लावून देईल, मग ती पास. पण राउंड लावायचं की नाही हे फॉर्म्युल्याचं काम नाहीये, परीक्षेचा नियम काय म्हणतो त्याचं काम आहे. एका मुलीचा निकाल त्यावर आहे. हा प्रश्न विचारायला हवा हे ज्याला कळलं त्याने फॉर्म्युला मशीनकडून घेतला तरी माझी काही हरकत नाही.

म्हणून मी वर्गात ते वापरू देते, पण एक अट घालते. आधी चाचणीच्या ओळी लिहायच्या, म्हणजे बरोबर ४०, ३९.६, शून्य, रिकामा सेल, 'गैरहजर' शब्द, चुकून १०५, आणि प्रत्येकापुढे आपल्या मते काय उत्तर यायला हवं ते. मग मशीनचा फॉर्म्युला त्यावर चालवायचा. तो साधा इफ असेल तर रिकाम्या सेलला 'नापास' म्हणतो आणि 'गैरहजर' या शब्दाला चक्क 'पास' म्हणतो, कारण तुलनेत एक्सेल मजकुराला कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा धरतं. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की 'शिकायचं कशाला' हा प्रश्न बहुतेक मुलं परत विचारत नाहीत.

प्रश्न : प्रोजेक्ट रिपोर्ट वर्डमध्ये केला. गाइडनी मध्ये एक पान वाढवायला सांगितलं आणि अनुक्रमणिकेतले सगळे पान नंबर, आकृत्यांचे नंबर हाताने बदलत रात्र गेली. दर वेळी असंच करायचं का?

अजिबात नाही! प्रत्येक प्रकरणाच्या नावाला हेडिंग वन, आतल्या मुद्द्यांना हेडिंग टू अशी स्टाइल लाव, नुसतं बोल्ड आणि मोठं करू नकोस. मग टेबल ऑफ कंटेंट्स आपोआप बनतं. आकृतीला नंबर हाताने न देता इन्सर्ट कॅप्शनने दे आणि मजकुरात 'आकृती ३ पहा' लिहायचं असेल तिथे क्रॉस-रेफरन्स वापर. पान वाढलं की कंट्रोल ए आणि एफ नाइन, सगळे नंबर नवे होतात. सुरुवातीच्या पानांना रोमन आकडे हवे असतील तर तिथे सेक्शन ब्रेक टाक आणि पुढच्या सेक्शनच्या फूटरमध्ये लिंक टू प्रीव्हियस काढून टाक. नवीन पानासाठी एंटर एंटर मारत जाऊ नकोस, पेज ब्रेक दे. दोन ओळींच्या कामासाठी रात्र जात असेल तर समजायचं की सॉफ्टवेअरमध्ये याची सोय असणार, आणि तेवढं शोधायला पाच मिनिटं थांबायचं.

प्रश्न : शेवटी मार्क कशावर द्यायचे? एकाने फाइल केली की ती पेन ड्राइव्हवरून सगळ्या बॅचला पोचते.

प्रत्येकाला डेटा वेगळा द्या, रोल नंबरप्रमाणे आकडे बदलून, ते तर एक्सेलच करून देईल. पण तेवढ्याने भागणार नाही, कारण फॉर्म्युला कॉपी केला तरी वेगळ्या डेटावर चालतो. म्हणून फाइलपेक्षा समोर बसून विचारलेल्या दोन प्रश्नांना जास्त मार्क ठेवा. 'या सेलमधला आकडा दुप्पट केला तर कुठले कुठले सेल बदलतील?' हे कीबोर्डला हात न लावता सांगायचं, मग करून बघायचं. ज्याने फाइल स्वतः बांधलीये तो अर्ध्या मिनिटात सांगतो. आणि 'तू यात काय काय गृहीत धरलंस?' यासाठी फाइलमध्येच एक वेगळी शीट मागा, गैरहजर कसे मोजले, कुठल्या ओळी वगळल्या, का वगळल्या. ही शीट कोरी असेल तर उत्तर बरोबर असलं तरी पूर्ण मार्क मी देत नाही.

परीक्षेत एक तरी प्रश्न चूक शोधायचा ठेवा. तयार फाइल द्या, त्यात फॉर्म्युल्याची रेंज एका ओळीने कमी, डॉलर न लावल्यामुळे खाली ओढताना घसरलेला सेल, मजकूर म्हणून बसलेला एखादा आकडा जो बेरजेत येतच नाही, असं दोन-तीन ठिकाणी करून ठेवा, आणि चुका किती आहेत ते सांगू नका. बॅच मोठी असेल आणि सगळ्यांची तोंडी घेणं शक्य नसेल तर मुलांना एकमेकांच्या फाइली द्या आणि त्या फाइलवर एक नवा, आधी न दिलेला प्रश्न सोडवायला सांगा. दुसऱ्याला फाइल कळली नाही तर ते एका चिठ्ठीवर लिहून फाइल मूळ मालकाकडे परत पाठवायची, आणि त्याने ती दुरुस्त केल्यावरच त्याचे मार्क भरायचे.